'अरीय' की 'त्रिज्यीय'?

रामबाग: प्राणिशास्त्राची हिंदी टिपणं मराठीत आणतोय. 'अरीय सममिति' (शरीराचे भाग मध्याभोवती चाकासारखे सारखेच मांडलेले), 'द्विपार्श्व सममिति' (डावी-उजवी अर्धी सारखी) हे शब्द तसेच ठेवले, फक्त शेवटची वेलांटी दीर्घ केली. तपासणाऱ्यांनी 'अरीय' खोडून 'त्रिज्यीय' केलंय. बरोबर काय?

पलासिया: 'अरीय'च ठेवा. अर म्हणजे चाकाचा आरा. त्रिज्या म्हणजे मुळात तीन राशींची, ९० अंशांची 'ज्या' (साइन). वर्तुळात त्रिज्या हव्या तितक्या काढा, आरे मात्र मोजकेच असतात. तारामाशाच्या ५ भुजा म्हणजे ५ आरे. त्याला दोन सारख्या भागांत दुभागणारी प्रतलंही (सपाट छेदही) ५च: प्रत्येक प्रतल एका भुजेच्या मधोमध आणि समोरच्या दोन भुजांमधल्या खाचेतून जातं. सुरी जरा तिरपी गेली की तुकडे जुळत नाहीत.

छावणी: मग आधी व्याख्या तपासा. 'मध्य अक्षातून जाणाऱ्या कोणत्याही प्रतलाने' असं लिहिलं असेल तर 'कोणत्याही' काढून 'एकाहून अधिक' घाला. ऑरेलिया जेलीफिश वरून बघा, पारदर्शक छत्रीतून घोड्याच्या नालेसारखी चार जननांगं दिसतात. तिथे प्रतलं ४: दोन प्रतलं समोरासमोरच्या नालांच्या मधोमध जाणारी, दोन प्रतलं नालांमधल्या फटींतून जाणारी.

रामबाग: 'कोणत्याही'च होतं, बदललं. पण 'त्रिज्यीय'चं काय?

नारायणबाग: दोन्ही नकोत. 'चाकासारखी' आणि 'डावी-उजवी' म्हणा. 'द्विपार्श्व' वाचून मुलांना पार्श्वभूमी आठवते! हायड्राला (गोड्या पाण्यातला नळीसारखा छोटा जीव) तोंडाची बाजू आणि बुडाची बाजू एवढंच. पुढचं टोक आणि पाठ-पोट असेल तेव्हाच डावं-उजवं ठरतं.

पलासिया: पार्श्व म्हणजे कूस, इतका साधा शब्द आहे तो. आणि चपट्या लेप माशाचे दोन्ही डोळे एकाच अंगाला, तिथे तुमचं 'डावी-उजवी' कसं लावणार?

नारायणबाग: अंड्यातून निघालेल्या लेपाचे डोळे दोन्हीकडेच असतात. एक नंतर सरकतो.

छावणी: तारामाशाचं उलट. अळी द्विपार्श्व, प्रौढ अरीय. तक्त्यात 'प्रौढ' लिहिलं नाही तर ओळ चुकते. प्रौढाच्याही पाठीवरची पाणी घेणारी चाळणी मध्यापासून बाजूला असते, तेवढी अरीय सममिती मोडतेच. शिवाय 'तारामासा' नको, 'समुद्रतारा' लिहा. कणा नाही, कल्ले नाहीत, मासा कसला?

पलासिया: देवमासाही मासा नाही. तोही शब्द काढायचा?

छावणी: देवमाशाला निदान कणा आहे. 'तारामासा' वाचून मुलं त्याला थेट मत्स्यवर्गात टाकतात.

नारायणबाग: मग कंसात 'कंटकचर्मी' (काटेरी कातडीचा, त्याच्या गटाचं नाव) लिहा, रूढ शब्द कशाला मोडता?