जर्मनीतील पहिले आठवडे : दारावर लटकलेल्या पाटीचे काय करायचे?

खानापूरचा पाऊस

सर्वांना नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला असून पत्नीसह स्टुटगार्टला येऊन सात आठवडे झाले आहेत. बेळगावातल्या गणपत गल्लीच्या गर्दीची सवय असलेल्या कानांना इथली शांतता पहिले काही दिवस आजारपणासारखी वाटली. रविवारी दुकाने बंद असतात हे ऐकून ठाऊक होते, तरी पहिल्याच शनिवारी विसरलो. सकाळी काही तास उघडणाऱ्या बेकरीतून पाव आणले आणि घरून आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीवर दिवस काढला. पाण्याची प्लास्टिकची बाटली यंत्रात परत टाकली की 25 सेंट मिळतात, हे कळल्यापासून पत्नी एकही बाटली टाकू देत नाही.

पत्त्याची नोंदणी करताना मात्र घाम फुटला. आमचा लग्नाचा दाखला 2013 चा, त्यावर ‘बेळगाव’. माझ्या नव्या पासपोर्टवर जन्मस्थान ‘बेळगावी’. ही दोन गावे आहेत का, असे खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारले. एकाच शहराचे नाव 2014 च्या नोव्हेंबरात सरकारी कागदावर बदलले, हे मी कसेबसे समजावले. त्यामागचा इतिहास सांगत बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती.

आता मूळ प्रश्न. रविवारी रात्री आमच्या दाराच्या मुठीला कोणीतरी ‘केरवोखे’ असे लिहिलेली लाकडी पाटी अडकवून गेले आहे. आमच्या हातून काही चूक झाली आहे का? आणि कचेरीत इंग्रजी चालते, पण जिन्यात भेटणाऱ्यांशी कोणत्या भाषेत बोलावे?

शहापूरकर

चूक काही नाही, पाळी आली आहे. ज्याच्या दारावर पाटी, त्याच्याकडे त्या आठवड्यात जिन्याची झाडलोट, अशी त्या भागातली जुनी रीत आहे आणि बहुतेक वेळा ती भाडेकरारातच लिहिलेली असते. करार एकदा नीट वाचून घ्यावा. आपल्या मजल्याच्या पायऱ्या आधी झाडायच्या, मग ओल्या फडक्याने पुसायच्या, कठडाही पुसायचा. तळघर, अंगण आणि घरापुढचा पदपथ यांची मोठी पाळी वेगळी असते, आणि हिवाळ्यात पदपथावरचा बर्फही काढावा लागतो. काम झाले की आठवड्याअखेर पाटी शेजाऱ्याच्या दारावर अडकवायची. ‘केरेन’ म्हणजे झाडणे आणि ‘वोखे’ म्हणजे आठवडा. आपला ‘केर’ आणि त्यांचा ‘केर’ यांचे नाते असेलच असे नाही, पण हा शब्द शिकायला मला एक मिनिटही लागले नाही.

अनुभवाचे बोल म्हणून सांगतो, हे काम शनिवारी सकाळी, कोणाच्या तरी नजरेस पडेल अशा वेळी करावे. स्वच्छता किती झाली यापेक्षा ती कोणी केली याकडे इमारतीचे लक्ष अधिक असते. रविवारी भिंतीला भोक पाडणे किंवा काचेच्या बाटल्या चौकातल्या पेटीत टाकणे कटाक्षाने टाळावे. त्या आवाजाने जमलेली ओळख एका दिवसात बिघडते.

निपाणीची लेक

भाषेविषयी लिहिते. आपल्याकडे सरकारी कचेरीत ‘नमस्कार री’ म्हणून मोडक्या कन्नडमध्ये सुरुवात केली की समोरचा माणूस पुष्कळदा आपणहून मराठीवर येतो. तिथेही तसेच घडते. पहिली तीन वाक्ये जर्मनमध्ये बोला, चुकली तरी चालतील. चौथ्याला तेच इंग्रजीत बोलू लागतात. सुरुवातच इंग्रजीत केली तर मात्र चेहरा बंद होतो.

आकडे आपल्याला सोपे जातात. कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’, म्हणजे आधी वीस, मग पाच. जर्मन मंडळी मात्र मराठीसारखी पाच आधी म्हणतात आणि वीस नंतर, आपल्या ‘पंचवीस’सारखीच. घड्याळाने मात्र मला फसवले. दाताच्या डॉक्टरांनी ‘हाल्ब द्राय’ ही वेळ दिली. अर्धा आणि तीन, म्हणजे साडेतीन, असे समजून मी गेले, तेव्हा माझी वेळ टळून तास झाला होता. ‘अर्धा तीन’ म्हणजे तिसऱ्यातला अर्धाच भरलेला, अर्थात अडीच. आपला ‘अडीच’ हा शब्दही ‘अर्धतृतीय’ यावरूनच आला आहे, हे मला तिथल्या प्रतीक्षाकक्षात बसून आठवले. कन्नडमधले ‘एरडूवरे’, म्हणजे दोन आणि अर्धा, डोक्यात धरून गेले असते तरी फसलेच असते.

टिळकवाडीच्या काकू

मुलाकडे तीन महिने राहून आले, म्हणून दोन शब्द. छताला धुराची सूचना देणारे यंत्र असते. मोहरीची फोडणी देण्याआधी खिडकी सताड उघडा आणि स्वयंपाकघराचे दार लावून घ्या. मी पहिल्याच दिवशी तसे केले नाही आणि खालच्या मजल्यावरच्या आजीबाई चप्पल न घालता वर धावत आल्या. कडाक्याच्या थंडीतही ती मंडळी पाच-दहा मिनिटे सगळ्या खिडक्या उघडतात, नाहीतर भिंतींना बुरशी धरते. त्या वेळी हीटर बंद करावा. कुंदा मात्र न्यायचे मनात आणू नका, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणायला प्रवाशांना बंदी आहे. मी तिथेच शंकरपाळे तळले आणि आजीबाईंना डबाभर दिले.

खानापूरचा पाऊस

काकू, ताई, शहापूरकर, आभारी आहे. शनिवारी सकाळी नऊ वाजता झाडू, बादली आणि फडके घेऊन जिना उतरलो. तळमजल्यावरच्या आजोबांनी दार किलकिले करून पाहिले, कठड्यावरून बोट फिरवले आणि बरेच काही बोलले. त्यातला ‘गूट’, म्हणजे चांगले, एवढाच शब्द मला कळला. पाटी आता वरच्या मजल्यावर आहे.