बंद दारामागचा संवाद आणि मालकंसाचा तानपुरा : फिल्टर प्लग-इन कसे लावावे?

श्रुतिकावाला

नमस्कार. आमचा छोटा गट मराठी श्रुतिका ध्वनिमुद्रित करतो आणि त्यांचे संकलन व मिक्सिंग मी घरीच रीपर या ध्वनिसंकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. सध्याच्या श्रुतिकेत वडील आतल्या खोलीत, बंद दारामागून मुलीशी बोलत आहेत आणि बोलता बोलताच दार उघडून बाहेर येतात. त्यांच्या संवादावर मी २४ डेसिबल प्रति सप्तक (वारंवारता दुप्पट झाली की एक सप्तक) उताराचा लो-पास फिल्टर, म्हणजे वरच्या वारंवारता छाटणारा फिल्टर, लावून कटऑफ (छाटणी सुरू होण्याची जागा) ६०० हर्ट्झवर ठेवला आहे. दार उघडताना तो दोन सेकंदांत १६,००० हर्ट्झपर्यंत जावा म्हणून ऑटोमेशनची (वेळेनुसार बटण आपोआप फिरवणारी) सरळ रेघ ओढली आहे. ऐकताना दोन गोष्टी खटकतात. दार बंद असेपर्यंत वडिलांचे शब्दच कळत नाहीत, नुसता घुमणारा आवाज येतो. आणि दार उघडते तेव्हा तो हळूहळू न खुलता सुरुवातीलाच एकदम मोकळा होतो, मग उरलेला वेळ काहीच घडत नाही.

दुसरी अडचण तानपुऱ्याची आहे. याच प्रसंगामागे मालकंस रागातली बासरी असल्यामुळे काळी एकचा (काळी एक हा षड्ज धरलेला) तानपुरा मध्यमावर लावून मुद्रित केला आहे. त्यावर लॅडर पद्धतीच्या फिल्टरचे प्लग-इन (सॉफ्टवेअरला जोडायची उपप्रणाली) लावून, रेझोनन्स, म्हणजे कटऑफजवळचा उठाव, बराच वाढवून, कटऑफ सावकाश वरखाली फिरवतो. त्यातून येणारा रंग मला फार आवडला आहे, परंतु खर्ज जवळजवळ नाहीसा होतो, आणि मधूनच असा एखादा स्वर टोकदारपणे पुढे येतो की तो बासरीशी अजिबात जुळत नाही. रेझोनन्स कमी केला की रंगही जातो. यातून मार्ग काय?

ध्वनिसंकलक

नमस्कार. मी फक्त दाराविषयी लिहितो, तानपुऱ्याविषयी येथे अधिक जाणकार मंडळी आहेत.

शब्द कळत नाहीत याचे कारण कटऑफपेक्षा उतारात अधिक आहे. २४ डेसिबलच्या उताराने ६०० पासून दोन सप्तके वर, म्हणजे २,४०० हर्ट्झवर, आवाज सुमारे ४८ डेसिबलने खाली जातो. व्यवहारात तिथे काहीच उरत नाही. मराठीतील ‘श’, ‘च’, ‘ट’ यांची ओळख पटवणारा बराचसा भाग २,००० हर्ट्झच्या वर असतो आणि ‘स’ तर त्याहूनही वर. तो भाग गेला की ‘सांग’, ‘चांग’ आणि ‘टांग’ यांत फरक करायला कानाला आधारच मिळत नाही. जुन्या टेलिफोनवर ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे, तरी बोलणे नीट कळत असे. संवादासाठी कुठवर छाटता येते, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

शिवाय खरे दार एवढ्या तीव्र उताराने आवाज अडवत नाही. ध्वनिशास्त्रातील वस्तुमानाच्या नियमानुसार वारंवारता दुप्पट झाली की एकजिनसी भिंतीची किंवा फळीची अडवणूक साधारण ६ डेसिबलने वाढते. म्हणून मी आपल्या जागी ६ डेसिबल प्रति सप्तक उताराचा फिल्टर घेईन. तेच ६०० हर्ट्झ ठेवले तरी २,४०० वर आवाज केवळ बारा डेसिबलच्या आसपास खाली असेल, म्हणजे दबलेला पण कळणारा. आपल्या प्लग-इनमध्ये इतका सौम्य उतार नसेल, तर ईक्यूमधील (वारंवारतेनुसार आवाज कमी-जास्त करण्याच्या साधनातील) हाय-शेल्फने वरचा सगळा भाग पंधरा-अठरा डेसिबलने खाली आणूनही जवळपास तसाच परिणाम मिळतो.

याला आणखी एक जोड द्यावी. बंद दाराच्या खालच्या फटीतून वरच्या वारंवारतेचा थोडा आवाज न अडता बाहेर येतो. संवादाची एक प्रत वेगळ्या ट्रॅकवर घेऊन तिच्यातील फक्त १,५०० ते ४,००० हर्ट्झचा पट्टा ठेवावा आणि ती मुख्य आवाजाच्या खूप खाली, जेमतेम जाणवेल इतपत मिसळावी. ही फट ऐकू आली की श्रोत्याला दार दिसू लागते, असा माझा अनुभव आहे.

आता उघडण्याचा प्रश्न. आपला कान वारंवारता सप्तकांत मोजतो, हर्ट्झमध्ये नाही. ६०० ते १६,००० हे अंतर पावणेपाच सप्तकांचे आहे. हर्ट्झच्या हिशेबाने सरळ रेघ ओढली तर ६०० ते १,२०० हे पहिले सप्तक एका सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच संपते, आणि ८,००० ते १६,००० या शेवटच्या सप्तकावर एक सेकंदाहून अधिक वेळ जातो, जिथे बोलण्याचा फारसा भागच नसतो. आपण वर्णन केलेला परिणाम अगदी हाच आहे. बहुतेक प्लग-इनमध्ये कटऑफचे बटण आतून सप्तकांच्या मापानेच फिरते, पण सगळ्यांत नाही. तपासायचे असेल तर रेघेच्या बरोबर मध्यावर कर्सर ठेवून प्लग-इनमधील आकडा वाचावा. तो ३,१०० च्या आसपास असेल तर वाढ सप्तकांच्या मापाने होत आहे. ८,३०० दिसला तर ती हर्ट्झच्या मापाने होत आहे, आणि आपल्याला रेघेला सुरुवातीस सावकाश व शेवटी झपाट्याने चढणारी वक्रता द्यावी लागेल.

खर्जाचा साधक

तानपुऱ्याच्या प्रश्नात मला विशेष रस आहे, कारण इथे फिल्टर आणि राग एकमेकांत गुंतले आहेत.

आधी खर्ज. रॉबर्ट मूग यांना ज्या लॅडर फिल्टरचे अमेरिकन पेटंट १९६९ मध्ये मिळाले, त्यात एकामागोमाग चार टप्पे असतात आणि शेवटच्या टप्प्यातला आवाज उलटा करून पुन्हा सुरुवातीला पोचवला जातो. या परतीच्या आवाजाचे प्रमाण म्हणजेच रेझोनन्स. कटऑफजवळ हा परतीचा आवाज मूळ आवाजाला बळ देतो, पण कटऑफच्या खूप खाली तो मूळ आवाजाच्या विरुद्ध पडतो आणि त्याला कमी करतो. रेझोनन्स इतका वाढवला की फिल्टर स्वतःच वाजू लागण्याच्या बेतात येतो, तेव्हा खालचा भाग साधारण १४ डेसिबलने उतरलेला असतो. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्यात खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते, ती नेमकी या घटीत सापडते. काही प्लग-इनमध्ये ही घट भरून काढण्याची सोय असते, तिचा शोध आधी घ्यावा. नसेल तर क्रॉसओव्हरने (आवाज खालच्या व वरच्या वारंवारतांत वेगळा करणाऱ्या फिल्टरने) तानपुरा २५० हर्ट्झपाशी दोन भागांत वाटून खालचा भाग जसाच्या तसा सोडावा आणि फिल्टर फक्त वरच्या भागावर लावावा.

आता त्या न जुळणाऱ्या स्वराविषयी. तानपुऱ्याच्या एकेका तारेत तिच्या मूळ स्वराच्या पटीतले सगळे स्वर वाजत असतात. जोडीच्या तारा (मधल्या, षड्जाच्या) १३८.६ हर्ट्झच्या धरल्या, तर त्यांची तिसरी पट ४१६ हर्ट्झवर येते, आणि तो पंचम आहे. पाचवी पट ६९३ वर, आणि तो आपला स्वयंभू गंधार, म्हणजे शुद्ध गंधार. मध्यमाच्या तारेची पाचवी पट ४६२ वर येते, तो शुद्ध धैवत. मालकंसात पंचम वर्ज्य, गंधार आणि धैवत कोमल. एरवी जवारीच्या (तारा ज्या घोडीवरून जातात तिच्या घडणीमुळे उमटणाऱ्या) झंकारात हे स्वर इतके मिसळलेले असतात की त्यांचा त्रास होत नाही, उलट त्यांच्यामुळेच तानपुरा भरलेला वाटतो. पण रेझोनन्सचे टोक त्यांच्यावरून जाते तेव्हा ते एकेकाला गर्दीतून वेगळे काढून उभे करते. आपल्या बासरीशी भांडणारा स्वर बहुधा या तिघांपैकीच एक असावा.

म्हणून कटऑफ मोकळा फिरू देऊ नये. टोक जिथे थांबेल त्या जागा रागातल्याच निवडाव्यात. ५५४ आणि १,१०९ वर षड्ज आहे, ३७० आणि ७३९ वर मध्यम आहे. या जागांवर रेझोनन्स हवा तेवढा ठेवावा आणि कटऑफला तिथे दीर्घ काळ राहू द्यावे. एका जागेवरून दुसरीकडे जाताना रेझोनन्सचे वेगळे ऑटोमेशन करून तो निम्म्याहून खाली आणावा, म्हणजे वाटेतले पंचम आणि गंधार आपल्या नेहमीच्या मापातच राहतील. आपला तानपुरा प्रत्यक्षात थोडा चढा किंवा उतरा लागलेला असेल, तेव्हा हे आकडे सुरुवातीपुरतेच घ्यावेत. खरी जागा कानाने शोधावी, मध्यमावर टोक बसले की तो गाता झाल्यासारखा ऐकू येतो आणि मग शंका राहत नाही. हेच काम शुद्ध गंधाराच्या भूप रागात करायचे असते तर मी मुद्दाम ६९३ वर थांबलो असतो.

स्टुडिओतला एक

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, फक्त दाराच्या बाबतीत प्लग-इनचा क्रम सांगायचा राहिला आहे. वडील ज्या खोलीत आहेत तिचा रिव्हर्ब (खोलीतली घुम निर्माण करणारा परिणाम) फिल्टरच्या आधी यायला हवा, कारण दार केवळ त्यांच्या कंठातला आवाज नव्हे, तर त्या खोलीतली घुमही अडवते. अनेकदा रिव्हर्ब फिल्टरच्या नंतर लावला जातो, मग दबलेला आवाज लख्ख खोलीत घुमल्यासारखा वाटतो आणि दाराचा भास मोडतो. दार उघडताना कटऑफबरोबरच आतल्या खोलीचा रिव्हर्ब कमी होत जावा आणि सरळ आवाज वाढत जावा. केवळ फिल्टर उघडला, तर माणूस जवळ आल्यासारखा वाटत नाही, फक्त आवाज स्वच्छ झाल्यासारखा वाटतो.

तानपुऱ्याच्या ट्रॅकची पातळी फिल्टरच्या आधी आठ-दहा डेसिबल खाली ठेवावी. रेझोनन्सचे टोक एखाद्या बलवान स्वरावर बसले की पातळी अचानक उसळते. हेडफोनवर काम करत असाल तर याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण लॅडर फिल्टर स्वतः वाजू लागला की तो स्वर कानाला इजा करू शकेल इतका मोठा होऊ शकतो.

श्रुतिकावाला

आपणा सर्वांचे मनापासून आभार. रेघेच्या मध्यावर आकडा ८,३०० च आला. वक्रता बदलल्यावर आणि उतार ६ डेसिबलचा केल्यावर ‘दार उघड, ऐकतेस ना?’ हे वाक्य दारामागूनही पूर्ण कळते, आणि ‘ऐकतेस’ मधला ‘स’ त्या फटीच्या ट्रॅकमधून येतो आहे हे स्पष्ट जाणवते.

तानपुऱ्याबाबत एक शंका आहे. क्रॉसओव्हर न लावता, प्लग-इनमधील मिक्सच्या बटणाने मूळ तानपुरा अर्धा मिसळला तर खर्ज परत मिळणार नाही का? तसे करून पाहिले तेव्हा खर्ज आला, पण फिल्टरचा रंग फिका पडला.

खर्जाचा साधक

रंग फिका पडणे स्वाभाविक आहे. लॅडरमधला प्रत्येक टप्पा कटऑफपाशी आवाजाला ४५ अंशांनी मागे टाकतो, चार टप्प्यांचे मिळून १८० अंश होतात. म्हणजे ज्या जागी टोक उभे आहे, नेमक्या त्याच जागी फिल्टरमधून आलेला आवाज मूळ आवाजाच्या उलट असतो, आणि दोन्ही मिसळले की ते एकमेकांना खोडतात. मिक्स जितके निम्म्याकडे न्याल तितके टोक अधिक झिजेल. क्रॉसओव्हरमध्ये हा प्रश्न फारसा येत नाही, कारण २५० हर्ट्झच्या वर मूळ आवाज मिसळलाच जात नाही. फक्त कटऑफ ३७० च्या खाली उतरू देऊ नये. क्रॉसओव्हर लिंकविट्झ-रायली प्रकारचा, २४ डेसिबलचा घ्यावा, म्हणजे फिल्टर पूर्ण उघडा असताना दोन भागांची बेरीज सपाट राहते आणि सांध्यावर खड्डा पडत नाही. तिथे मध्यमाच्या तारेची तिसरी पट, म्हणजे २७७ चा षड्ज, अगदी जवळ असल्यामुळे सांधा २५० वर नीट बसला नाही तर तो २३० पर्यंत खाली घेऊन पाहावा.