'गावकी' चालेल का? एक शब्द अडलाय

अडलेली_लेखणी: धर्माच्या समाजशास्त्रावरचं एक प्रकरण मराठीत करतेय. त्यात फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खाइमची धर्माची १९१२ची व्याख्या आहे: पवित्र गोष्टींबद्दलच्या श्रद्धा आणि आचार, आणि ते पाळणाऱ्यांना एका नैतिक समुदायात बांधणारं 'चर्च'. हे चर्च म्हणजे इमारत नव्हे, बांधली गेलेली माणसं. शब्द तसाच ठेवला तर मुलांना वसईची चर्चं आठवणार. म्हणून मी 'गावकी' लिहिलं. माझं माहेर गुहागरकडचं. शिमग्याला पालखी कुणाच्या दारी कधी जायची, हे आमच्याकडे गावकीच ठरवते. तपासणाऱ्यांनी समासात लिहिलंय, 'गावकीचा धर्माशी संबंध नाही.' खरंच नाही?

शुद्धमती: 'धर्मसंघ' लिहा. संस्कृतात सगळं आहे.

अडलेली_लेखणी: संघ म्हटलं की भिक्षू डोळ्यांसमोर येतात. दुर्खाइमला नुसते पुरोहित नकोत, सामान्य भक्तही हवेत.

देवगडचो: आमच्याकडे गावकी कोण म्हणत नाय, रहाटी म्हणतत. गुरव सगळ्यांच्या वतीन देवाक गाऱ्हाणा घालता, बारा-पाचाचे मानकरी उभे रवतत आणि सगळो गाव 'होय म्हाराजा' म्हणता. ह्येच्यापेक्षा मोठा चर्च खंयचा? रहाटी म्हणजे रहाट. मान ह्या घरात्सून त्या घरात फिरता, तसो.

शुद्धमती: रहाटाचा काही संबंध नाही. राहाटणे म्हणजे वागणे. ज्ञानेश्वरीत 'राहाटी' आहे, वागणूक याच अर्थानं.

देवगडचो: ज्ञानेश्वरीत आसा तर आमचो शब्द शुद्धच झालो मगे!

खाडीपल्याड: आमच्या मोहल्ल्यात 'जमात' म्हणतात. मशिदीची वर्गणी, कब्रस्तान, निकाहाची नोंद, दोन भावांचं भांडण, सगळं जमात बघते. ताईंच्या व्याख्येला चपखल. पण पुस्तकात छापलंत तर मुलं आदिवासी जमाती समजतील.

अष्टागरवाला: शब्द असेच घरं बदलतात. अलिबागेत इस्राएल आळीतल्या सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, जुने बेने इस्राएल (आपले कोकणातले ज्यू) मशीदच म्हणायचे. मुंबईतल्या मस्जिद स्टेशनचं नावही सिनेगॉगवरूनच पडलं, असं सांगतात.

अडलेली_लेखणी: छान, पण माझं चर्च? दुर्खाइम म्हणतो, मांत्रिकाकडे गिऱ्हाईक असतं, चर्च नसतं. आपल्याकडे भगताकडे जाणारा एकेकटा, गुपचूप जातो. गाऱ्हाण्याला मात्र सगळ्यांदेखत उभं राहावं लागतं. हा फरक 'गावकी'त नीट उतरतो, असं मला वाटतं.

वाळीतला: उतरतो, आणि आणखीही काही उतरतं. एका जागेच्या वादात आम्ही गावकीचं ऐकलं नाही. तीन शिमगे पालखी आमच्या दारावरून न थांबता गेली. आईनं तिन्ही वर्षं सडा घातला, रांगोळी काढली, नारळ सोलून ठेवला. गावकीचा धर्माशी संबंध नाही म्हणणाऱ्यांना तो नारळ दाखवायला हवा होता. 'नैतिक समुदाय' म्हणून हा शब्द छापणार असाल तर जरा जपून.

अष्टागरवाला: तक्रार नाही केलीत? सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा कायदा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड.

वाळीतला: पालखी थांबवा असा हुकूम कोण काढणार? आणि कायद्यात 'बहिष्कार' आहे. आमच्या तोंडात 'वाळीत' आहे. बहिष्कार परीक्षेवरही घालतात, वाळीत फक्त माणूस टाकतात.

देवगडचो: वाळीत म्हणजे बोंबील वाळत घालतत तसा. उन्हात, एकट्यान.

शुद्धमती: पुन्हा तेच! जुन्या मराठीत वाळणे म्हणजे त्यागणे. सुकण्याशी संबंध नाही.

खाडीपल्याड: बोंबील एकटे कधी वाळत घालतात हो? वलांडीवर जोडीनं लटकवतात.

अडलेली_लेखणी: मंडळी, उद्या दुपारी प्रकरण द्यायचंय. सध्या 'गावकी (चर्च)' असं लिहिलंय. कंस काढू का ठेवू?

शुद्धमती: आधी 'वाळणे'चं मिटू द्या.