कोड टॅगने रकाने जुळत नाहीत

वेबपानाच्या एचटीएमएलमध्ये स्पेस देऊन रकाने जुळवले आणि कोड टॅग (<code>) टाकला तरी रकाने एकत्र गोळा होतात अशी तक्रार असते, तर ते होणारच, कारण कोड टॅग फक्त अक्षरं समान रुंदीची करतो, स्पेस सांभाळत नाही. ब्राउझर सलग दहा स्पेस दिल्या तरी एकच दाखवतो आणि एंटरला पण स्पेसच समजतो. त्यासाठी प्री टॅग (<pre>) हवा, त्यात स्पेस आणि ओळी जशाच्या तशा राहतात. प्रोग्रॅम असेल तर प्रीच्या आत कोड टॅग टाका म्हणजे तो प्रोग्रॅम आहे हेही कळतं. समान रुंदीच्या अक्षरांसाठीचा जुना टीटी टॅग (<tt>) मात्र वापरू नका, एचटीएमएल ५ मधून तो बाद झालाय.

पण प्रीमध्ये टाकलं की सगळं तसंच दिसेल असं समजू नका, "पेक्षा लहान"चं चिन्ह (<) तिथेही टॅगच समजलं जातं, त्याऐवजी अँपरसँड, एलटी, सेमीकोलन (<) असंच लिहावं लागतं. यात मी पूर्वी खूप वेळ घालवलाय म्हणून मुद्दाम सांगतोय. लांब ओळ मोबाईलवर बाहेर जात असेल तर सीएसएसमध्ये (पान कसं दिसावं ते ठरवणारी भाषा) व्हाइट-स्पेसला प्री-रॅप (white-space: pre-wrap) द्या म्हणजे ओळ मोडून खाली येते, पण तक्त्यासारखा मजकूर असेल तर नको, ओळ मोडली की रकाने गेलेच, तिथे ओव्हरफ्लो-एक्स ऑटो (overflow-x: auto) करून आडवा स्क्रोल दिलेला बरा.

आणि मराठी मजकूर असेल तर स्पेस मोजून रकाने जुळवूच नका, जोडाक्षरं आणि मात्रांमुळे रुंदी बदलते, शिवाय बऱ्याच मोनोस्पेस (समान रुंदीच्या अक्षरांच्या) फाँटमध्ये देवनागरी नसतेच मग ब्राउझर दुसरा फाँट घेतो. तिथे सरळ टेबल टॅग (<table>) वापरा.