शब्दचर्चा : रोल-प्लेइंगला 'सोंग' म्हटलं तर?

नमस्कार मंडळी, मी कुडाळकडचा. कॉलेजातला भाचा 'स्कायरिम' हा व्हिडिओ गेम खेळत होता, अर्धा तास झाला तरी नुसता चेहराच बनवतोय, नाक थोडं रुंद, गालावर वण, मग परत नाक. मला एकदम जत्रेतला दशावतार आठवला, पेटाऱ्यावर आरसा टेकवून नट स्वतःच्या हाताने तोंड रंगवत असतो ना, अगदी तसं. तेव्हापासून वाटतंय की रोल-प्लेइंग गेमला, म्हणजे आपण एखादं पात्र होऊन खेळायच्या गेमला, आपला शब्द 'सोंगाचा खेळ'. पटतंय का?

प्रतिसाद : सोंग म्हणजे ढोंगच ना? झोपेचं सोंग, पैशाचं सोंग आणता येत नाही वगैरे. 'भूमिका' काय वाईट आहे?

मी : हो, घाटावर तो अर्थ जास्त चालतो, पण आमच्याकडे "काय सोंग वठवल्यान रे!" ही मनापासूनची दाद असते. आणि भूमिकेत वाक्यं दुसऱ्याने लिहिलेली असतात हो, दशावतारात लिखित संहिता नसते, कथा ठरलेली आणि बोलणं ज्याचं त्याने तिथल्या तिथे उभं करायचं. 'स्कायरिम'च्या आधीच्या भागात, म्हणजे २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये, तुम्ही योद्धा की जादूगार की आणखी कोण ते सुरुवातीलाच ठरवावं लागायचं, २०११ च्या 'स्कायरिम'ने ते काढूनच टाकलं, धनुष्य चालवत राहिलात की तिरंदाज होत जाता, म्हणजे सोंग खेळता खेळता वठतं. पुढच्या भागाची खरी मजा मला यात वाटते, नुसता नकाशा मोठा करून ती येत नाही.

प्रतिसाद : मग सीक्वेलला काय, उत्तरार्ध?

मी : नको. उत्तरार्ध म्हटलं की पूर्वार्ध अर्धवट राहिला असं होतं. 'स्कायरिम' आधीच्या गोष्टीनंतर दोनेकशे वर्षांनी घडतं, आधीचा खेळला नसलात तरी काही अडत नाही. मी 'पुढचं आख्यान' म्हणेन, दशावतारासारखं, कंपनी तीच, आख्यान नवं. 'झेल्डा' या गेमच्या मालिकेचं तर अजून वेगळं, २०१७ च्या भागातलाच हायरूल मुलूख २०२३ ला परत दिला, वर आभाळात बेटं आणि खाली पाताळ घालून. ओळखीच्या डोंगरावर उभं राहून वर बघायचं आणि तिथे जाता येतंय हे कळायचं, पावसाळ्यानंतर गावच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गेल्यावर वाट तीच पण सगळं वेगळं दिसतं तो आनंद आहे हा.

प्रतिसाद : सोंग पटलं. ओपन-वर्ल्ड, म्हणजे हवं तिथे फिरता येतं तो गेम, त्याचं 'मोकळं जग' मात्र भाषांतर वाटतं.

मी : 'मोकळा मुलूख' कसा वाटतो? मुलुखात वाटा, वस्त्या, माणसं सगळी येतात. अजून कोणाला सुचत असेल तर सांगा, मी दोन्ही शब्द भाच्यासमोर बोलून बघतो, सोंग तर त्याने उचललंच, काल नवीन गेम चालू करताना विचारतो, "मामा, ह्या टायमाक कोणाचा सोंग घेव?"