तळपायाची चामखीळ जातच नाहीये, आठ महिने झाले, प्लीज मदत हवी आहे

पाऊलवाट:
सगळं करून झालंय. अ‍ॅसिड लावलं, पट्ट्या लावल्या, घरी ब्लेडने कापून पण पाहिलं, जरा बरं वाटतं आणि पंधरा दिवसांत परत तेवढीच. चालताना चपलेत खडा अडकल्यासारखं टोचतं, पाऊल वाकडं पडतं म्हणून आता गुडघाही दुखायला लागलाय. कुणाची कायमची गेली असेल तर नेमकं काय केलं ते सांगा. नुसतं "डॉक्टरला दाखवा" लिहू नका, जाऊन आलेय.

रातकिडा:
टाचेला आहे की चवड्याला? एकच की पुंजका? कुठलं अ‍ॅसिड, किती दिवस? डॉक्टर काय म्हणाले? आणि ब्लेड आधी बंद करा. हा व्हायरस आहे, कापताना आजूबाजूच्या त्वचेत पसरतो.

उन्हाळी सावली:
मला तर हे कुरूप वाटतंय. माझ्या भावाचं अगदी असंच होतं, कॉर्न कॅप लावली आणि आठवड्यात निघालं.

पाऊलवाट:
कुरूप नाहीये हो, डॉक्टरांनी चामखीळच सांगितलंय. उजव्या चवड्याखाली, अंगठ्याच्या मागे, शर्टाच्या बटणाएवढी, एकच. अ‍ॅसिडच्या बाटलीवर सॅलिसिलिक 17% लिहिलंय.

रातकिडा:
सावली, फरक ओळखता येतो. कुरूप वरून सरळ दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. तळपायावर बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात ना, त्या कुरुपावरून तशाच पुढे जातात, चामखिळीपाशी तुटतात. आणि वरची जाड कातडी घासली की आत काळे ठिपके दिसतात. लोक त्याला मुळं म्हणतात आणि सुईने उकरत बसतात, पण त्या बारीक रक्तवाहिन्या असतात, आतलं रक्त गोठून काळं पडलेलं.

गोड गोळ्या:
थुजा घ्या, होमिओपॅथीचं. माझ्या मुलाच्या दोन्ही पायांना मिळून सात होत्या, चार महिन्यांत एकही राहिली नाही, डाग पण नाही. अ‍ॅसिडने कातडी जाळून काय मिळणार? आजार आतून जायला हवा.

साधा माणूस:
लहान मुलांच्या चामखिळी काहीही न करता पण जातात, बऱ्याच जणांच्या तर वर्ष-दोन वर्षांत. शरीराला व्हायरसचा पत्ता लागला की सगळ्या एकदमच जातात. गोळीने गेल्या हे कशावरून ठरवलं?

गोड गोळ्या:
मी आई आहे, मी रोज बघत होते. त्याआधी दीड वर्ष होत्या तशाच होत्या.

साधा माणूस:
दीड अधिक चार महिने, म्हणजे दोन वर्षांच्या आतच झालं की. तुमच्या मुलाचे पाय बरे झाले याचा आनंदच आहे, पण ज्यांना चालता येत नाहीये त्यांनी गोळ्यांवर महिने घालवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

शेवाळ:
माझ्या मानेवर चामखिळी होत्या, रेशमी दोरा घट्ट बांधला, आठ दिवसांत गळून पडल्या. करून बघा.

रातकिडा:
शेवाळ, त्या मानेवरच्या लोंबत्या गाठी वेगळ्या. ही अंगाच्या वजनाने आत दाबली गेलेली आहे, दोरा बसणारच नाही. पाऊलवाट, किती दिवस लावलं ते अजून सांगितलं नाहीत. आणि शुगर आहे का?

पाऊलवाट:
शुगर नाही. दहा-बारा दिवस लावलं, मग कातडी पांढरी पडून सोलायला लागली, कडेला आग व्हायची म्हणून बंद केलं. महिन्याने परत दहा दिवस. असं तीन-चार वेळा केलं.

रातकिडा:
मग अ‍ॅसिडचं चुकलं नाही, ते अर्ध्यात सुटतंय. पांढरं होऊन सोलणं म्हणजेच ते काम करतंय. बारा आठवडे धरून चाला. रात्री पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय बुडवा, पांढरी पडलेली मेलेली कातडी हळू घासून काढा, पाय कोरडा करा, भोवतीच्या चांगल्या कातडीला व्हॅसलिन लावा आणि मग फक्त चामखिळीवर अ‍ॅसिड. वर चिकटपट्टी. घासल्याशिवाय लावलं तर ते वरच्या मेलेल्या थरातच मुरतं, खाली पोचत नाही. आग फार झाली तर एक-दोन दिवस थांबा, महिना नको. शुगर एवढ्यासाठी विचारली की पायाची संवेदना किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर हे घरी करायचंच नाही, जखम चिघळते.

फिरस्ता:
नुसत्या चिकटपट्टीने पण जाते म्हणतात की.

साधा माणूस:
2002 साली एका अभ्यासात पट्टीचा निकाल चांगला आला होता, नंतरच्या अभ्यासांत तो टिकला नाही. अ‍ॅसिडवर झाकण म्हणून ठीक.

फिरस्ता:
माझं मत, सरळ कॉटरी करा, म्हणजे विजेने जाळून टाका, एका बैठकीत विषय संपतो.

निळी छत्री:
कृपा करून तळपायाला कॉटरी नको. माझ्या चवड्यावर तो व्रण आहे आणि चामखीळ गेली तरी तो प्रत्येक पावलाला दुखतो. दुसऱ्या पायाला मी क्रायो केलं, म्हणजे चामखीळ गोठवून घेतली. लिक्विड नायट्रोजन उणे 196 अंशाचा असतो, लावताना डोळ्यांत पाणी येतं, दुसऱ्या दिवशी रक्ताळलेला फोड आला, पण व्रण राहिला नाही. दर तीन आठवड्यांनी असं चार वेळा करावं लागलं. लोक एकदा करून "उपयोग नाही" म्हणतात.

पाऊलवाट:
काल रात्री सांगितलं तसं केलं. घासल्यावर पांढरी कातडी कागदासारखी सुटून आली आणि खाली खरंच पाच-सहा काळे ठिपके, एका ठिपक्यातून टाचणीच्या टोकाएवढं रक्त आलं. आजवर मी वरवरच लावत होते. एक लिहायचं राहिलं, मुलीच्या टाचेला पण दोन बारीक आल्यात, सहा वर्षांची आहे.

साधा माणूस:
हे आधी सांगायला हवं होतं! घासायला काय वापरलंत?

पाऊलवाट:
बाथरूममधली वज्री. सगळेच तीच वापरतो.

साधा माणूस:
ती आजच टाकून द्या. चामखिळीसाठी वेगळी फाइल ठेवा, तिने दुसरी कातडी घासू नका. टॉवेल आणि पायपुसणं वेगळं, घरात अनवाणी नको. मुलीला दुखत नसेल तर घाई करू नका, मुलांच्या डॉक्टरांना दाखवून ठेवा. तिला तुमचं अ‍ॅसिड लावू नका.

गोड गोळ्या:
मुलीसाठी थुजाचा विचार करा, दुखणार तरी नाही.

शेवाळ:
टाचांच्या भेगांना काय लावावं? वेगळा धागा काढू का?

पाऊलवाट:
सहा आठवडे झाले म्हणून लिहितेय. एक दिवसही सोडला नाही, फक्त दोनदा आग झाली तेव्हा एकेक रात्र थांबले. निम्मी उरलीय, खडा टोचल्यासारखं आता फक्त जिना उतरताना होतं, गुडघाही शांत आहे. ठिपके दोनच दिसतात. रेषा अजून जुळलेल्या नाहीत, त्यामुळे लावणं चालूच आहे. मुलीच्या आहेत तशाच आहेत, तिच्या डॉक्टरांनी तूर्त थांबायला सांगितलंय.