मदत हवी आहे: आई-बाबांना लोअर बर्थ मिळवून द्यायचाय, तिकीट एकत्र काढू की वेगळं?

मंडळी, आई-बाबांना घेऊन कणकवलीला जायचंय, ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या. आईचे गुडघे पार गेलेत, मधल्या बर्थवर चढणं शक्यच नाही, त्यामुळे खालचा बर्थ हवाच.

आता अडचण अशी की सीनियर सिटीझन कोट्यात एका तिकिटावर दोघंच चालतात आणि मी तिसरा, मला त्यात घेतलं की तो कोटाच मिळत नाही. मग त्यांचं त्या कोट्यातून आणि माझं जनरल कोट्यातून वेगळं काढायचं म्हटलं तर डबे लांब पडले तर काय, रात्री आईला बाथरूमला नेताना हाताला धरायला लागतं, बाबांना ते एकट्याने जमत नाही.

बुकिंग हल्ली ६० दिवस आधीच उघडतं आणि तत्काळच्या भरवशावर मला अजिबात राहायचं नाहीये, म्हणून पहिल्याच दिवशी सकाळी काढणार आहे. कोणी असं वेगवेगळं तिकीट काढून गेलंय का? डबा जवळचा मिळाला का, टीसी बर्थ बदलून देतात का?

आणि कणकवलीला गाडी थोडाच वेळ थांबते, तिथे व्हीलचेअर आधी सांगून ठेवता येते का, कुणाला सांगायचं? अनुभव असेल तर प्लीज सविस्तर सांगा.